स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर पुढच्या वर्षांचा अंदाज कसा बांधावा

औषध एकच, जेमसायटाबीन. ऑपरेशननंतर सहा महिने ते घेतलेल्या रुग्णांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) जर्मनी-ऑस्ट्रियातल्या कॉन्को-००१ चाचणीत २२.८ महिने भरलं, तर फ्रान्स-कॅनडातल्या प्रॉडिज २४ चाचणीत ३५ महिने. वर्षभराचा हा फरक औषधामुळे पडलेला नाही. प्रॉडिजमध्ये प्रवेश मिळण्यासाठी तब्येत चालती-फिरती असावी लागे आणि ऑपरेशननंतरच्या नव्या सीटी स्कॅनमध्ये आजार पसरल्याची खूण नसावी लागे. शिवाय आजार परतल्यावर द्यायची औषधंही दरम्यानच्या काळात सुधारली होती. म्हणून नेटवर दिसलेला कुठलाही आकडा उचलून रुग्णाला लावता येत नाही. आधी तो आकडा कोणत्या गटाचा आहे ते पाहायचं, मग आपला रुग्ण त्या गटात कुठे बसतो ते ठरवायचं, आणि ठरावीक टप्प्यांवर हा हिशेब नव्याने करायचा. हे काम डॉक्टरांसोबत बसूनच करायचं आहे. पण रिपोर्टमधली प्रत्येक ओळ काय सांगते ते कळत असेल तर त्या बैठकीत नेमके प्रश्न विचारता येतात.

आधी निदान पक्कं करा

इथे लिहिलेलं सगळं डक्टल ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे स्वादुपिंडाच्या नळीच्या अस्तरातून उगवणाऱ्या प्रकाराबद्दल आहे. व्हिपल, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं काढण्याचं ऑपरेशन, झालेल्या प्रत्येकाला हाच कॅन्सर असतो असं नाही. पित्तनळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात उघडतात त्या जागेचा, म्हणजे ॲम्पुलाचा कॅन्सर, पित्तनळीच्या खालच्या टोकाचा, ड्युओडेनमचा (लहान आतड्याच्या सुरुवातीचा), न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (संप्रेरकं तयार करणाऱ्या पेशींचा), या सगळ्यांचं ऑपरेशन तेच असतं, पण पुढची वाट वेगळी असते. आपल्याकडे व्हिपल होणाऱ्यांत ॲम्पुलाच्या रुग्णांचं प्रमाण मोठं आहे, आणि त्यांचं भवितव्य साधारणपणे बरंच चांगलं असतं. पुटीतून, म्हणजे आयपीएमएनमधून उगवलेला कोलॉइड प्रकारही तुलनेने सौम्य असतो. ॲडेनोस्क्वॅमस प्रकार मात्र जास्त आक्रमक.

निदानात गफलत झाली तर अंदाज किती चुकतो, हे फिनलंडमध्ये २००५ साली छापलेल्या एका अभ्यासात दिसलं. राष्ट्रीय नोंदवहीतल्या ४,९२२ रुग्णांपैकी ८९ जण पाच वर्षं जगल्याची नोंद होती. त्यांची कागदपत्रं आणि मिळतील तेवढ्या स्लाइड पुन्हा तपासल्यावर खरोखर डक्टल ॲडेनोकार्सिनोमा असलेले फक्त १० निघाले. बाकीचे बरेच जण दुसऱ्याच आजाराचे होते.

रिपोर्टमध्ये मूळ जागा संदिग्ध लिहिली असेल, किंवा "पेरीॲम्पुलरी कार्सिनोमा" (ॲम्पुलाच्या आसपासचा कॅन्सर) एवढंच लिहून विषय संपवला असेल, तर स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक मागून घ्या आणि पोटाच्या कॅन्सरचं काम रोज करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून दुसरं मत घ्या. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्रात अशी फेरतपासणी नेहमीची आहे. ब्लॉक नेताना हॉस्पिटलची पोचपावती, ब्लॉकचे क्रमांक आणि मूळ रिपोर्टची प्रत सोबत ठेवा. एकदा हरवलेला ब्लॉक परत तयार होत नाही, आणि पुढे जनुकीय तपासणीला तोच लागतो.

रिपोर्ट कसा वाचायचा

सगळ्यात आधी लिम्फ नोडची ओळ शोधा. तिथे दोन आकडे हवेत: किती नोड तपासले आणि किती बाधित निघाले. २०१८ पासून वापरात असलेल्या एजेसीसीच्या (कॅन्सरची स्टेज ठरवणारी अमेरिकी समिती) आठव्या आवृत्तीत एकही बाधित नसेल तर एन०, १ ते ३ बाधित असतील तर एन१ आणि ४ किंवा जास्त असतील तर एन२. युरोप-अमेरिकेतल्या पाच मोठ्या केंद्रांत २००० ते २०१५ दरम्यान ऑपरेशन झालेल्या दीड हजार रुग्णांत पाच वर्षं जगण्याचं प्रमाण एन० मध्ये सुमारे ३६ टक्के, एन१ मध्ये २१ आणि एन२ मध्ये ११ टक्के होतं. रिपोर्टमधली दुसरी कुठलीही एकटी ओळ गट इतके स्वच्छ वेगळे करत नाही.

पण तपासलेले नोड कमी असतील तर हा फायदा राहत नाही. किमान १२ नोड तपासलेले असावेत अशी अपेक्षा आहे. स्वादुपिंड शल्यविशारदांचा आंतरराष्ट्रीय गट १५ मागतो. "६ पैकी ० बाधित" आणि "२२ पैकी ० बाधित" दोन्ही कागदावर एन० असले तरी पहिल्यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण न शोधलेल्या नोडमध्ये आजार असू शकतो. बाधित नोड भागिले तपासलेले नोड हे गुणोत्तर काढून ठेवा, ते पुढे कॅल्क्युलेटरमध्ये लागेल. संख्या फार कमी वाटली तर ऑपरेशनचा नमुना फॉर्मेलिनमध्ये अजून शिल्लक आहे का, त्यातून आणखी नोड शोधता येतील का, हे विचारायला हरकत नाही. मात्र लवकर विचारा. लॅब नमुने थोडेच आठवडे ठेवतात.

त्यानंतर मार्जिन. काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर नाही तो आर०, सूक्ष्मदर्शकाखाली आहे तो आर१. इथे मोठा घोळ आहे. काही ठिकाणी पेशी कडेला प्रत्यक्ष टेकल्या तरच आर१ म्हणतात, काही ठिकाणी १ मिलिमीटरच्या आत असल्या तरी म्हणतात. जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये कडांना रंग लावून, ठरावीक पद्धतीने बारीक काप घेऊन तपासायला सुरुवात केली तेव्हा आर१ चं प्रमाण १४ टक्क्यांवरून ७६ टक्क्यांवर गेलं. शस्त्रक्रिया बिघडली नव्हती, पूर्वी न दिसणारं दिसायला लागलं होतं. म्हणून नुसत्या "मार्जिन निगेटिव्ह" या शब्दांवर थांबू नका. सर्वात जवळची कड कोणती आणि अंतर किती मिलिमीटर, हे लिहून घ्या. मेसेंटेरिक शिरेच्या खोबणीची कड, मेसेंटेरिक धमनीकडची कड आणि मागची बाजू या तिन्हींचा स्वतंत्र उल्लेख हवा. त्याच हायडेलबर्गच्या पुढच्या मोठ्या मालिकेत १ मिलिमीटरहून जास्त मोकळी जागा असलेल्यांत पाच वर्षांचं प्रमाण सुमारे ३८ टक्के, १ मिलिमीटरच्या आत पेशी असलेल्यांत ३० आणि कडेला टेकलेल्यांत २० टक्के होतं.

गाठीचा आकार टी ठरवतो: २ सेंटिमीटरपर्यंत टी१, २ ते ४ टी२, ४ च्या वर टी३, आणि सिलियाक, सुपीरियर मेसेंटेरिक किंवा कॉमन हिपॅटिक धमनीला विळखा असेल तर टी४. ग्रेड म्हणजे पेशी मूळ ऊतीपासून किती बिघडल्या आहेत ते. "पूअरली डिफरन्शिएटेड" हे वाईट लक्षण. पेरीन्यूरल इन्व्हेजन (मज्जातंतूंभोवती कॅन्सर शिरणं) बहुतेक रिपोर्टमध्ये "प्रेझेंट" असतंच. ते वाचून घाबरण्याचं कारण नाही, कारण जे जवळजवळ सगळ्यांना असतं ते माणसामाणसात फरक करू शकत नाही. उलट ते नसेल तर ती चांगली बातमी.

टी आणि एनच्या आधी "वाय" अक्षर दिसलं तर ऑपरेशनपूर्वी केमो किंवा रेडिएशन झालेलं आहे. औषधाने गाठ आधीच आटलेली असल्यामुळे हा रिपोर्ट वरच्या आकड्यांशी थेट जुळवता येत नाही. इथे ट्यूमर रिग्रेशन स्कोअर पाहा: ० म्हणजे जिवंत कॅन्सरपेशी शिल्लक नाहीत, ३ म्हणजे औषधाचा परिणाम जवळजवळ नाही. अशा अभ्यासांत काळ कुठून मोजलाय हेही तपासायला हवं. नेदरलँड्सच्या प्रिओपँक चाचणीत पाच वर्षांचं प्रमाण आधी केमो-रेडिएशन दिलेल्या गटात २०.५ टक्के आणि थेट ऑपरेशनच्या गटात ६.५ टक्के निघालं. हे आकडे दचकवणारे वाटतात, पण ते उपचार सुरू होण्याआधीच्या दिवसापासून मोजलेले आहेत आणि ज्यांचं ऑपरेशन होऊच शकलं नाही तेही त्यात धरलेले आहेत. ऑपरेशन होऊन घरी आलेल्या माणसाला ते जसेच्या तसे लावणं चूक आहे.

सीए १९-९: केव्हा खरं, केव्हा खोटं

सीए १९-९ हा रक्तात मोजला जाणारा ट्यूमर मार्कर. ३७ युनिट प्रति मिलिलिटरच्या आत असलं की नॉर्मल. ऑपरेशनपूर्वीचा आकडा कावीळ असताना घेतला असेल तर तो बाजूला ठेवा. पित्त तुंबलं की हा आकडा कॅन्सरशिवायही वाढतो. बिलिरुबिन उतरल्यावरचा आकडाच धरायचा. तेव्हाही तो ५०० च्या वर असेल तर स्कॅनमध्ये न दिसणारा आजार असण्याची शक्यता बरीच वाढते.

अंदाजासाठी जास्त मोलाचा आहे तो ऑपरेशननंतर, केमो सुरू होण्याआधीचा आकडा. अमेरिकेतल्या आरटीओजी ९७०४ चाचणीत हा आकडा ९० च्या वर आणि त्याहून स्पष्टपणे १८० च्या वर असलेल्यांचं आयुष्य ठळकपणे कमी होतं. गाठ काढूनही आकडा खाली येत नसेल तर कुठेतरी आजार उरलेला आहे असंच समजून स्कॅन पुन्हा काळजीपूर्वक पाहायला हवा.

दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासा, कारण वेगवेगळ्या किटचे आकडे जुळत नाहीत. पित्तनळीचा संसर्ग किंवा साखर फार वाढलेली असतानाही आकडा चढतो, तेव्हा एका वाढीवर निष्कर्ष काढू नका. काही आठवड्यांनी पुन्हा करा. सुमारे ५ ते १० टक्के लोकांच्या शरीरात हा पदार्थ तयारच होत नाही, कारण त्यांचा लुईस रक्तगट निगेटिव्ह असतो. त्यांचा आकडा आजार असतानाही अगदी तळाला राहतो आणि खोटा दिलासा देतो. ऑपरेशनपूर्वी गाठ असतानाच आकडा २ किंवा ३ असेल तर ही शंका घ्या, आणि पुढे स्कॅनवर जास्त विसंबा.

हिशेब मांडताना

सुरुवात एका गटाच्या आकड्याने करायची आणि मग बदल करायचे. इथे दोन चुका वारंवार होतात.

पहिली, हॅझार्ड रेशो (एखाद्या घटकामुळे मृत्यूचा धोका किती पट होतो तो आकडा) टक्केवारीसारखा वापरणं. समजा मूळ गटात पाच वर्षांचं प्रमाण ३० टक्के आहे आणि एखाद्या घटकाचा हॅझार्ड रेशो १.५ आहे. तर नवं प्रमाण ३० भागिले १.५ म्हणजे २० येत नाही. ०.३० चा १.५ वा घात घ्यायचा, तो ०.१६ येतो, म्हणजे १६ टक्के. रेशो ०.७ असेल तर त्याच रीतीने ४३ टक्के. मोबाइलच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर हे होतं.

दुसरी चूक जास्त महाग पडते. मोठी गाठ, खराब ग्रेड, बाधित नोड आणि जवळची कड हे बऱ्याचदा एकत्रच येतात. प्रत्येकाचा वेगळा अभ्यास शोधून सगळे रेशो एकमेकांनी गुणले तर एकच वाईट गोष्ट चार वेळा मोजली जाते आणि उत्तर खऱ्याहून फार काळं येतं. हे टाळायचं तर सगळे घटक एकत्र धरून बांधलेलं मॉडेल वापरावं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगचा २००४ चा नोमोग्राम (घटकांना गुण देऊन अंदाज काढायचा तक्ता) वय, आकार, ग्रेड, बाधित आणि अबाधित नोड, मार्जिन, पाठदुखी, वजनातली घट असे घटक घेतो आणि १, २ व ३ वर्षांचा अंदाज देतो. ॲमस्टरडॅमचं मॉडेल चारच गोष्टी मागतं: नोडचं गुणोत्तर, मार्जिन, ग्रेड आणि ऑपरेशननंतर केमो झाली की नाही. ते व्हिपल झालेल्या डक्टल ॲडेनोकार्सिनोमासाठीच आहे. शेपटीकडची गाठ त्यात टाकू नये.

या मॉडेलांची ताकद किती, तेही माहीत असावं. दोन रुग्णांपैकी कोण जास्त जगेल हे मॉडेल किती वेळा बरोबर सांगतं, ते सी-इंडेक्सवरून कळतं, ०.५ म्हणजे निव्वळ छापा-काटा, १ म्हणजे कधीच न चुकणारं. स्लोन केटरिंगचा ०.६४ आहे, ॲमस्टरडॅमचाही त्याच्याच आसपास. म्हणजे तीनपैकी एका जोडीत उत्तर उलटं येतं. मॉडेलने "२७.४ टक्के" दाखवलं तर दशांश सोडा आणि "साधारण चारात एक" एवढंच धरा. ही मॉडेलं जुन्या रुग्णांवर, बहुतेक जेमसायटाबीनच्या काळात बांधलेली आहेत, हेही ध्यानात असू द्या.

एक काल्पनिक रुग्ण घेऊ. वय ६२, स्वादुपिंडाच्या डोक्याकडची २.८ सेंटिमीटरची गाठ, ग्रेड मध्यम, १८ पैकी २ नोड बाधित, शिरेच्या खोबणीकडे अंतर ०.५ मिलिमीटर, ऑपरेशननंतर सीए १९-९ २२. म्हणजे टी२ एन१, स्टेज टू-बी, गुणोत्तर ०.११. एन१ साठी वरच्या मालिकेतला २१ टक्के हा आरंभबिंदू. कड जवळची आहे, त्यामुळे थोडं खाली. सीए १९-९ नॉर्मल आहे आणि ग्रेड खराब नाही, म्हणून वर. आता फॉल्फिरिनॉक्स (अनेक औषधांची एकत्रित केमो) पूर्ण झालं तर? प्रॉडिज २४ मध्ये त्या औषधाच्या गटात पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ४३.२ टक्के होतं, जेमसायटाबीनच्या गटात ३१.४. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण नोड-बाधितच होते, म्हणून आपला रुग्ण त्या गटाला परका नाही. औषध पूर्ण झालं तर २५ ते ४० टक्के, सुरूच करता आलं नाही तर १० ते १५ टक्के, असा पट्टा धरणं रास्त ठरेल. दोन टोकं लिहा. एकच आकडा लिहिला की घरातले सगळे त्यालाच चिकटून बसतात.

जनुकांची माहिती अजून या हिशेबाच्या कडेलाच आहे. केआरएएस या जनुकात बदल नसलेल्या गाठी तुलनेने बऱ्या असतात. बीआरसीए १, २ किंवा पीएएलबी२ मध्ये दोष असेल तर प्लॅटिनम वर्गातली औषधं चांगली लागू पडतात. ही आनुवंशिक तपासणी प्रत्येक रुग्णाची करावी अशी शिफारस आहे, आणि तिचा उपयोग भावंडं-मुलांनाही होतो. ऑपरेशननंतर रक्तात ट्यूमरचा डीएनए सापडला तर आजार परतण्याचा धोका बराच मोठा. पण हा कॅन्सर रक्तात डीएनए कमी सोडतो, म्हणून निगेटिव्ह रिपोर्टवर निर्धास्त होता येत नाही.

जे अजून आपल्या हातात आहे

नोड, कड, ग्रेड यांत आता बदल होणार नाही. केमो पूर्ण होणं मात्र अजून ठरायचं आहे, आणि अंदाजात त्याचं वजन मोठं आहे. कॉन्को-००१ मध्ये पाच वर्षांचं प्रमाण औषधासह २०.७ टक्के, औषधाविना १०.४ टक्के होतं, म्हणजे जवळजवळ दुप्पट. ईस्पॅक-३ या दुसऱ्या चाचणीच्या विश्लेषणात घाईने सुरुवात करण्यापेक्षा सहाही सायकल पूर्ण होणं महत्त्वाचं ठरलं. बारा आठवड्यांपर्यंत थांबून, अंगात ताकद आल्यावर सुरू केलं तरी नुकसान दिसलं नाही. जखम भरलेली नसताना, ड्रेन अजून असताना, पहिल्या महिन्यातच केमोसाठी हट्ट धरू नये.

केमो अर्धवट सुटण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे घसरत जाणारं वजन, आणि वजन घसरण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे न पचलेली चरबी. संडास फिकट, तेलकट, दुर्गंधीचं, पाण्यावर तरंगणारं होत असेल तर एन्झाइमच्या (पाचकरसाच्या) कॅप्सूल कमी पडत आहेत. सुरुवातीचा डोस मुख्य जेवणाला ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेझ आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मा असतो. पुढे डॉक्टर तो वाढवतात. बरेच जण २५,००० ची एकच कॅप्सूल जेवण झाल्यावर घेतात. मात्राही कमी आणि वेळही चुकलेली. पहिल्या घासाबरोबर एक आणि जेवणाच्या मध्यावर दुसरी घ्या. दुधाचा चहा आणि बिस्किटांनाही लागते. आजारपण म्हणून तेल-तूप बंद करून नुसत्या पेजेवर ठेवण्याची आपल्याकडची रीत इथे घातक आहे. कॅप्सूल वाढवा, जेवण कमी करू नका. दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करून लिहून ठेवा.

काळ सरतो तसा आकडा बदलतो

ऑपरेशनच्या दिवशीचा अंदाज दोन वर्षांनी शिळा झालेला असतो. आजार परतला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत परततो. यकृतात लवकर, फुप्फुसात उशिरा, आणि फुप्फुसापुरता राहिलेला आजार त्यातल्या त्यात संथ असतो. ही दोन वर्षं निभावलेला माणूस वेगळ्या गटात जातो.

त्याचा हिशेब सोपा आहे: पुढच्या टप्प्याचं प्रमाण भागिले आतापर्यंतच्या टप्प्याचं प्रमाण. कॉन्को-००१ च्या औषध घेतलेल्या गटात पाच वर्षं २०.७ टक्के जगले, दहा वर्षं १२.२ टक्के. म्हणजे पाच वर्षं पूर्ण केलेल्या माणसाला दहा वर्षं गाठण्याची शक्यता १२.२ भागिले २०.७, सुमारे ५९ टक्के. सुरुवातीच्या दिवशी हीच शक्यता आठात एक होती. मात्र "जिवंत आहे" आणि "आजार परतलेला नाही" यांची गल्लत करू नका. प्रॉडिज २४ मध्ये फॉल्फिरिनॉक्स घेतलेले ४३.२ टक्के पाच वर्षांनी हयात होते, पण आजाराविना असलेले २६.१ टक्केच. स्कॅन स्वच्छ असलेल्याची पुढची शक्यता सरासरीहून चांगली, आजार परतलेल्याची खूपच कमी. आजार परतला की हा सगळा तक्ता रद्द होतो आणि नवा, वेगळ्या आकड्यांचा हिशेब सुरू होतो.

अंदाज नव्याने लिहायचे टप्पे असे ठेवा: पॅथॉलॉजी रिपोर्ट आल्यावर, केमोपूर्वीच्या सीए १९-९ आणि स्कॅननंतर, केमो संपल्यावर, मग दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी. पहिली दोन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी तपासणी, सीए १९-९ आणि सीटी. पुढे ६ ते १२ महिन्यांनी. सीटी शक्यतो एकाच केंद्रात, पॅन्क्रियाज प्रोटोकॉलने (स्वादुपिंडासाठीच्या खास पद्धतीने) करा आणि जुनी सीडी सोबत न्या. ऑपरेशनच्या जागेभोवतीचा व्रण आणि परतलेला आजार यांतला फरक जुन्या चित्राशी ताडल्याशिवाय ओळखता येत नाही.

पाच वर्षं झाल्यावर तपासण्या बंद करू नका. आजार त्यानंतरही परतल्याची उदाहरणं आहेत, आणि आयपीएमएन असलेल्यांच्या उरलेल्या स्वादुपिंडात नवी गाठही होऊ शकते. या टप्प्यावर मधुमेह, ड आणि ब१२ जीवनसत्त्वांची कमतरता, हाडांची झीज यांच्याकडे लक्ष द्यावं लागतं. एचबीए१सी, ड जीवनसत्त्व आणि ब१२ वर्षातून एकदा तपासून घ्या. प्लीहा काढलेली असेल तर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या लसींची नोंद फाइलमध्ये वरच लावून ठेवा. अशा माणसाला थंडी वाजून ताप आला तर सकाळपर्यंत वाट न पाहता त्याच रात्री हॉस्पिटल गाठावं.